जमनाबाईचा हातमोजा

ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल, आणि खरं म्हणजे एकदाही सांगितलेली नाही.

असं कसं? तेच सांगायला बसलोय. पण मला जरा वळसे घेऊ द्या. सरळ मुद्द्यावर येणं मला जन्मात जमलं नाही. बायको म्हणते, ह्यांना दूध आणायला पाठवलं तर परत येऊन आधी म्हशीची वंशावळ सांगतील, आणि मग सांगतील की पिशवी दुकानातच राहिली. खरं आहे. माझी सगळी अब्रू माझ्या फजितींवर उभी आहे. लोक मला त्यासाठीच बोलावतात.

आता ती हाराची फजिती घ्या. आमच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव. प्रमुख पाहुणे चार इमलीतले, म्हणजे भोपाळच्या सरकारी बंगल्यांच्या वस्तीतले, कुणी मोठे साहेब. मोटार थांबली आणि पुढच्या दारातून एक भरदार, सफारी घातलेले गृहस्थ उतरले. मी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात हार घातला, वाकून नमस्कार केला, ‘आपल्या पदस्पर्शाने’ वगैरे सुरूही केलं. तो ड्रायव्हर होता. सफारी बहुतेक साहेबांचीच जुनी. खरे साहेब मागे, पापडासारखे बारीक, स्वतःच दार उघडून उतरत होते. मग मी काय केलं? ड्रायव्हरच्या गळ्यातला हार काढला आणि साहेबांना घातला! इथे लोक हमखास हसतात. हार काढून घेताना त्या ड्रायव्हरचा चेहरा कसा झाला होता, हे मात्र मला सांगता येत नाही. मी बघितलंच नव्हतं.

असो. हे वळण जरा मुद्दाम घेतलं. पुढे कळेल.

मी नागपूरचा. आयटीआय करून भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात टर्नर म्हणून लागलो. नाव सांगत नाही. दोष त्याचा नाही, माझा आहे. क्वार्टर मिळालं, पुढे पेरूचं झाड, मागे नळ. भोंगा झाला की सगळी टाउनशिप सायकलवर. लेथवर माझा हात बरा होता — बराच म्हणायचा, उत्तम नव्हे. पण तोंड! जनरल मॅनेजरचं खोकणं, पर्सोनेल साहेबांचं ‘देखते हैं, देखते हैं’, कँटीन मॅनेजर वाटीत डाळ घालताना जो संन्याशासारखा चेहरा करायचा तो — सगळं मला हुबेहूब यायचं. एकदा जनरल मॅनेजरची नक्कल चालू असताना मागून कुणीतरी खोकलं; मी न वळताच ओरडलो, ‘अरे, हे काय खोकणं झालं? असं खोक!’ आणि खोकून दाखवलं. मागे ते स्वतः होते. आठवडाभर मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. त्यांचा खोकला मात्र तेव्हापासून सुधारला, असं आमच्या मशीन शॉपमधले म्हणायचे.

युनियनचे सेक्रेटरी तिवारीजी. पांढऱ्या मिशांचे, सरळ मनाचे, आणि बोलायला उभे राहिले की माणसं घड्याळाकडे बघतील असे. त्यांनी मला हेरलं. आमच्याकडे गेट मीटिंगची रीत होती. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी मुख्य फाटकाबाहेर कामगार जमायचे. केबलचा रिकामा लाकडी ड्रम आडवा टाकला की झालं स्टेज. तिथेच ठराव मांडायचा आणि तिथेच हात वर करून मंजूर करायचा. आत जायचं की नाही, हे त्या हातांवर ठरायचं. तिवारीजींच्या आधी पाच मिनिटं मी. ‘पहले तू लोगों को गरम कर,’ ते म्हणायचे, ‘हँसा हुआ आदमी हाथ जल्दी उठाता है.’ आणि खरंच उठायचे. मी ड्रमवर चढलो की खालून आरोळी यायची, ‘को खां भाऊ, आज किसकी उतारोगे?’ भोपाळात मराठी माणूस म्हणजे ‘भाऊ’. माझं खरं नाव फक्त टाइम ऑफिसला ठाऊक होतं.

फाटकाच्या आत अधिकारी उभे राहून ऐकायचे, तेही हसायचे. मी कधी स्वतःला विचारलं नाही — ज्यांच्यावर मी बोलतोय तेच हसतायत, तर त्यांना हे बोचतंय तरी का? उलट मला ते बक्षीसच वाटायचं.

आता जमनाबाई.

आमच्या शॉपमध्ये ठेक्यावरच्या बायका होत्या. करोंदकडून यायच्या, ज्या लांबनाक्या टेम्पोंना भोपाळकर भटसुअर म्हणायचे त्यात कोंबून. लेथखाली लोखंडाची सालपटं पडतात, ती गोळा करून ट्रॉलीत भरायचं काम. त्या सालपटांच्या चुऱ्याला तिकडे ‘बुरादा’ म्हणतात, म्हणून त्या ‘बुरादेवाल्या’. सालपटं दिसायला जिलबीसारखी गुंडाळलेली, पण धार ब्लेडची. आम्हाला कंपनीचे हातमोजे मिळत. त्यांना ठेकेदार काही देत नसे. आमचे फाटले की आम्ही फेकायचो, त्या उचलायच्या. दोन फाटक्यांचा एक शिवायच्या. त्यामुळे कुणाच्या उजव्या हातात डावा, कुणाच्या एकाच हातात दोन रंग. आम्हाला त्याची गंमत वाटायची. मी तर म्हणायचो, ‘बघा, परेड चालली!’

मजुरीचं सगळ्यांनाच माहीत होतं. सरकारनं ठरवलेल्या दरावर अंगठा, आणि हातात त्याहून कमी. कँटीनमध्ये त्यांना बसायला मनाई. आमचं झाल्यावर मागच्या दारातून आपापल्या डब्यात चहा. त्या बायकांनी तीन गोष्टी मागितल्या: ठरलेली मजुरी, हातमोजे, आणि आमच्या युनियनचं सभासदत्व. दोघींनी ठेकेदाराला तोंडावर विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघींना फाटकातून आत घेईनात.

तिवारीजींनी — माणूस कंटाळवाणा, पण माणूस होता — ठरवलं की हे आपलं भांडण आहे. गेट मीटिंगमध्ये ठराव मांडायचा: त्या दोघींना परत घेईपर्यंत आणि पुरी मजुरी देण्याचं कबूल होईपर्यंत पहिली पाळी आत जाणार नाही. आणि ठरावाआधी जमनाबाई बोलतील. जमनाबाई म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात शांत. चाळिशीची, उंच, कपाळावर मोठी टिकली. ती जन्मात दहा माणसांपुढे बोलली नव्हती. म्हणून तिवारीजींनी तिला माझ्याकडे पाठवलं. ‘भाऊ सिखा देगा.’

आणि मी शिकवलं. हे लक्षात घ्या. मी शिकवलं.

पाळी सुटल्यावर ती आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात येऊन बसायची. बायको तिला घरच्या कपात चहा द्यायची. पहिल्या दिवशी जमनाबाईनं कप हातात घेऊन जरा वेळ तसाच धरला होता. मी तिला नेहमीचं साचेबंद भाषण दिलं — ‘हमें खैरात नहीं, हक चाहिए.’ तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ये तो सब बोलते हैं भाऊ. इसमें मैं कहाँ हूँ?’

‘मग तूच सांग, काय बोलणार?’

तिनं कमरेला खोचलेला हातमोजा काढला, दोन फाटक्यांचा शिवलेला, आणि हातात घातला. बोलली, ‘बात ऐसी है... ये आप लोगों का फेंका हुआ है. दो फटे जोड़ो तो एक बनता है. आपका हाथ तो हाथ है. तो फिर हमारा क्या है?’ आणि हातमोजा काढून तळहात पुढे केला. त्या तळहाताबद्दल मी काही लिहिणार नाही. बायको आत निघून गेली होती, एवढंच सांगतो.

मी जाणकार ना! म्हणालो, झकास. फक्त घाई नको. हातमोजा सावकाश उतरव. हात वर धर. मग थांब — लोकांना बघू दे. थांबायला भ्यायचं नाही. मग तीन मागण्या सांग. अडलीस तर मी ड्रमजवळच असेन, माझ्याकडे बघ, मी पुढचा शब्द सांगेन. तिनं चार-पाच संध्याकाळी सराव केला. ‘बात ऐसी है’ म्हणताना ती पदर खांद्यावर ओढायची. ‘फेंका हुआ’ म्हणताना आवाज किंचित घोगरा व्हायचा. तिला ते ठाऊकही नव्हतं. मला होतं. माझा धंदाच तो.

आता इथपर्यंत आलोय, तर पुढचं आधी जसं नेहमी सांगतो तसं सांगतो. शंभर वेळा सांगितलेलं रूप असं —

त्या सकाळी मी ड्रमवर चढलो. नेहमीचे साहेब उतरवले, पण लोक गार. पावसाची भुरभुर, चहा झालेला नाही, कुणी हसेना. कलाकार माणूस, घाबरलो! जीभ सैल, मेंदू बंद, तोंडातून निघून गेली जमनाबाईची नक्कल. लोक जे हसले म्हणता — सायकली पडल्या! मग ती बिचारी आली, बोलली, लोक हसतच राहिले, ठराव आडवा. अशा रीतीने भोपाळच्या कामगार चळवळीत माझ्या जिभेनं एक अख्खा संप गिळला आणि ढेकरही दिला नाही.

या ढेकरावर टाळ्या येतात. गेल्या कामगार दिनी युनियननं जुन्या लोकांचा सत्कार केला, मला शाल दिली, ‘हमारे हँसमुख साथी’ म्हणून. मी ही गोष्ट सांगितली. जमनाबाईच्या आवाजासकट. पुढच्या दोन रांगांत आमच्यासारखे पर्मनंट राहिलेले म्हातारे, आणि मागे भिंतीला टेकून खुर्च्या मांडणारे ठेक्याचे कामगार. आता कारखान्यात तेच जास्त आहेत. तेही हसले.

आता खरं.

पुढच्या आठवड्यात माझी सुपरवायझरची मुलाखत होती. मुलाखतीआधी फाटकाबाहेर कोण उभं राहिलं, हे आत नोंदलं जातं, असं सगळे म्हणायचे. मला कुणी धमकावलं नाही. कुणी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला नाही. तुम्हाला वाटत असेल मला विकत घेतलं, पण मला कुणी भावसुद्धा विचारला नाही हो. मीच स्वतःला फुकट देऊन आलो.

आणि केवळ मुलाखत म्हणावं, तर तेही अर्धंच. त्या बायका युनियनमध्ये आल्या असत्या, कँटीनमध्ये बाकावर शेजारी बसल्या असत्या, तर मी कोण उरलो असतो? नागपूरला मामा लोकांना सांगायचे, ‘भाचा भोपाळला पर्मनंट आहे.’ त्या शब्दावर माझं लग्न झालं. कुणीतरी मागच्या दारातून डब्यात चहा घेत होतं, म्हणून तर माझ्या कपाला मान होता. हे मी तेव्हा इतक्या स्वच्छ शब्दांत जाणलं होतं का? नाही. पण पोटात होतं. माणसाला पोटातलं कळत नाही असं थोडंच आहे?

आदल्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, मी न्हाणीघराबाहेरच्या आरशासमोर उभा राहिलो. खांद्यावर टॉवेल घेतला, पदरासारखा. म्हटलं, ‘बात ऐसी है...’ जमलं नाही. पुन्हा म्हटलं. घोगरेपणा कमी पडत होता, गळा जरा दाबून धरला. तेव्हा जमलं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘या हो जमनाबाई, बसा, चहा टाकते.’ आणि पदराला हात पुसत बाहेर आली. इकडेतिकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं — टॉवेलसकट.

‘तुम्ही होतात?’

‘सराव,’ मी म्हटलं.

‘कसला?’

‘उद्याचा.’

 आत जाऊन तिनं आधण उतरवून ठेवलं. भांड्याचा आवाज आला.

म्हणजे जीभ सैल सुटली नाही, मेंदू बंद पडला नाही. पावसाची भुरभुरही मी नंतर घातली. आकाश लख्ख होतं. लोकही गार नव्हते. साहेबांच्या नकलांवर नेहमीसारखे हसत होते. मी मुद्दाम साहेब लवकर आटपले. खिशातून फाटका हातमोजा काढला, तो मी घरून आणला होता. हातात चढवला. खालून कुणीतरी ओळखलं आणि ओरडलं, ‘अरे, ये तो बुरादेवाली है!’ मी पदर ओढला. ‘बात ऐसी है...’

मागण्यांपर्यंतचं अख्खं भाषण म्हटलं मी तिचं. एक शब्द बदलला नाही. बदलायची गरजच नव्हती — खांद्याला एक झोल, मानेला एक झटका, डोळे जरा तिरके, की तेच शब्द वगनाट्यातले होतात. ‘तो फिर हमारा क्या है?’ म्हणून सावकाश हातमोजा उतरवला, हात वर केला आणि थांबलो. मीच शिकवलेलं थांबणं. माणसं पोट धरून हसत होती.

टेम्पो त्या दिवशी उशिरा आला. बायका उतरून गर्दीच्या मागे पोचल्या तेव्हा मी ड्रमवरून खाली उतरत होतो. त्यांना ऐकू आलं ते फक्त हसू. त्यांना वाटलं, भाऊ रोजच्यासारखे साहेब लोकांची उतरवतायत. जमनाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली ती स्वतःही हसत होती. लोक खुशीत आहेत म्हणून तिला धीर आला होता.

तिवारीजींनी हात देऊन तिला ड्रमवर चढवलं. ते लाउडस्पीकरच्या तारेशी झटत होते, त्यांनीही नीट ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तर तिला त्या क्षणी चढू दिलं नसतं.

तिनं पदर खांद्यावर ओढला. हसू फुटलं. ‘बात ऐसी है...’ आणखी मोठं. ती चपापली, पण बोलत राहिली. मी सांगितलंच होतं ना, थांबायला भ्यायचं नाही! हातमोजा सावकाश उतरवला. हात वर केला. आणि थांबली. समोर शेकडो माणसं हसतायत आणि ती हात वर करून थांबलीये, मी सांगितलं तेवढं. मग तिला पुढचं आठवेना. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी बांधलेलीच होती. ती सोडली, आणि पुन्हा बांधली.

तिवारीजींनी घाईघाईत ठराव मांडला. ‘जो साथी पक्ष में हैं, हाथ उठाएँ!’ हात वर झाले. पुष्कळ झाले! पण कसे — तिच्यासारखे. कुणी हातमोजा घालून, कुणी मान तिरकी करून, कुणी ‘हमारा क्या है?’ किंचाळत. तिवारीजी ड्रमवर उभे राहून बघत राहिले. यातला कुठला हात ठरावाचा आणि कुठला टवाळीचा, हे त्यांनी कसं ओळखायचं? त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. भोंगा झाला. लोक डोळे पुसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत आत गेले. मीही गेलो.

त्या बायकांतल्या कुणालाच त्या सकाळपासून आत घेतलं नाही. ठेकेदारानं दुसऱ्या आणल्या. त्यांनी काही मागितलं नाही. तिवारीजी माझ्याशी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तेरी ज़बान पर लगाम नहीं है, भाऊ.’ बिचाऱ्या तिवारीजींनाही तो जिभेचा घोटाळा वाटला, आणि ती सोय मी लगेच उचलली. पुढे त्यांनी मला गेट मीटिंगला बोलावलं नाही. मी सुपरवायझर झालो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, ‘अहो, तिचं भाषण नीट झालं ना?’ मी तिला ती फजिती म्हणून सांगितली. पहिल्यांदा. लोक गार होते, जीभ घसरली. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, ‘बरं.’ आमच्या संसारात ती मला पुष्कळ बोलली आहे, पण त्या ‘बरं’ इतकं काही बोललेली नाही.

थांबा. कबुली अजून झालेली नाही. मला वाटलं होतं एवढं लिहिलं की झालं. पण हेसुद्धा मी कधी ना कधी, कुणाला तरी, दोन घोट पोटात गेल्यावर सांगितलं असतं. ‘पाप केलं रे’ म्हणण्यातही एक ऐट असते. पुढचं सांगितलं नसतं.

काही वर्षं गेली. भोपाळात उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्षाचा गहू भरायची रीत आहे. मी करोंदच्या मंडीत गेलो होतो, शरबती घ्यायला. व्यापाऱ्यानं पोती भरवली आणि हाक मारली, ‘ओ बाई, मुँह सिल दे.’ ढिगामागून एक बाई उठली, हातात मोठी सुई आणि सुतळी. कपाळावर मोठी टिकली. जमनाबाई.

मी ओळख न दाखवता उभा राहायचं ठरवलं होतं. पण तिनंच ओळखलं. ‘अरे, भाऊ!’ केवढ्या आनंदानं म्हणाली हो. बायकोची चौकशी केली. मुलींची केली. ‘दीदी के हाथ की चाय याद आती है.’ आणि माझ्या पोत्याचं तोंड शिवायला बसली. शिवता शिवता वर न बघता विचारलं —

‘भाऊ, एक बात पूछूँ? उस दिन वो लोग हँसे क्यों?’

मी म्हटलं, कोणत्या दिवशी? — ऐकलंत? कोणत्या दिवशी, म्हटलं मी.

‘गेट पे. मैंने तो जैसा आपने बताया, वैसा ही किया था. दस्ताना उतारा, हाथ ऊपर किया, रुकी. फिर भी हँसे. औरतें आज तक बोलती हैं, जमना, तूने डुबाया सबको. मेरी देवरानी तो उसके बाद मुझसे बोली ही नहीं, उसका भी काम गया था ना. मैं सोचती रहती हूँ, मुझसे क्या ग़लत निकला.’

सुई पोत्यातून आरपार जात होती. आजूबाजूला हमाल, धूळ, तागाचा वास. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? आम्ही आत होतो, त्या बाहेर. इतकी वर्षं ती ते भाषण मनात उलटसुलट करून त्यात स्वतःची चूक शोधत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मुलाखत नव्हती, साहेब नव्हते, नोकरी जाणार नव्हती. तिनं शिवी दिली असती, फार तर सुई मारली असती.

मी जरा विचार केल्यासारखं केलं. गुरुजी शिष्याचा पेपर तपासतात तसा चेहरा केला. तोही मला उत्तम येतो. आणि म्हणालो,

‘तुम ज़रा ज़्यादा रुक गईं, जमनाबाई.’

ती थांबली. सुई हातात तशीच. मग मान हलवली, हळूच, दोनदा.

‘हाँ,’ म्हणाली, ‘मुझे भी यही लगता था.’

आणि तिनं शेवटचा टाका घातला, सुतळी दातानं तोडली, पोतं सरळ उभं करून दिलं. हातगाडीपर्यंत ढकलायला हात लावला. तिच्या हातात हातमोजा नव्हता. ‘दीदी को नमस्ते कहना,’ म्हणाली.

मी निरोप दिला नाही. जमनाबाई भेटली होती हेच सांगितलं नाही.

बायकोला त्या पोत्याची शिवण सुटेना, इतकी पक्की होती. शेवटी विळीनं कापावी लागली. गहू चांगला निघाला. त्या वर्षी आमच्याकडे पोळ्या मऊ होत होत्या, आल्यागेल्यानं नाव काढावं अशा. मी वर्षभर खाल्ल्या.